कॅथलॅबमध्ये ६ वर्षं झाली, हातात कागद काही नाही. कोणती परीक्षा देऊ? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी बी.एस्सी. नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. २ वर्षं आयसीसीयू (हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग) आणि नंतरची ६ वर्षं नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होतात तिथे. नवऱ्याची बदली दुबईला होते आहे, मलाही वर्षभरात जायचंय. तिथल्या लायसन्सचं मी बघते आहे, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की कॅथलॅबचं काम येतं हे दाखवणारं एखादं सर्टिफिकेट घ्यावं का, आणि कोणतं?

मागच्या महिन्यात एचआरकडे अनुभवाचं पत्र मागितलं. मिळालं ते एका ओळीचं: 'स्टाफ नर्स, ८ वर्षे'. कॅथलॅब हा शब्दच नाही! वॉर्डात बीपी घेणारीलाही हेच पत्र आणि मलाही हेच.

परवा रात्री अडीचला कॉल आला, इन्फिरिअर एमआय, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा हार्ट अटॅक. सरांनी राइट कोरोनरीत (हृदयाच्या उजव्या धमनीत) कॅथेटर लावला आणि स्क्रीनवरचा प्रेशरचा कर्व्ह एकदम बसला. म्हणजे कॅथेटरने धमनीचं तोंडच अडवलं होतं. मी म्हटलं, "सर, डॅम्प होतंय." त्यांनी डाय न देता कॅथेटर जरा मागे घेतला. बलूननंतर व्हेसल उघडली तसा हार्ट रेट ३८ वर आला. ठोके वाढवणारं अॅट्रोपिन मी आधीच भरून ठेवलं होतं. हे कुठल्या पत्रात लिहून मिळणार?

माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत. एक, अमेरिकेची आरसीआयएस, कॅथलॅबच्या कामाची परीक्षा. दुसरी तिथलीच सीसीआरएन, नर्सेसची. तिसरा आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कार्डिओथोरॅसिकचा पोस्ट बेसिक डिप्लोमा, पण तो पूर्ण १ वर्षाचा, म्हणजे नोकरी सोडून. मुलगी दुसरीत आहे, जमणं कठीण. शिवाय आरसीआयएस टेक्निशियनची परीक्षा आहे, नर्सने देऊ नये, असं एक सर म्हणाले. खरं का?

उत्तर १ (पुण्याहून, कॅथ टेक्नॉलॉजिस्ट)

ताई, सर अर्धं बरोबर बोलले. परीक्षा टेक्नॉलॉजिस्टचीच म्हणून ओळखली जाते, पण नर्सही देतात आणि अमेरिकेत बऱ्याच देतात. कार्डिओव्हॅस्क्युलर क्रेडेन्शियलिंग इंटरनॅशनल ही संस्था ती घेते. त्यासाठी अमेरिकेचं नर्सिंग लायसन्स लागत नाही. सीसीआरएनला मात्र लागतं, म्हणजे आधी एनक्लेक्स ही तिथली लायसन्सची परीक्षा. आणि ती क्रिटिकल केअरची परीक्षा आहे, तुमच्या ६ वर्षांशी तिचा संबंध कमी. तुमच्या जागी मी असतो तर ती यादीतून काढलीच असती.

एक लक्षात ठेवा, आरसीआयएस म्हणजे लायसन्स नव्हे. तिच्या जोरावर कुठेही नर्स म्हणून उभं राहता येत नाही.

अभ्यासात अडतं ते हिमोडायनॅमिक्सच्या (रक्ताचा दाब आणि प्रवाह) गणितात. एएसडीच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र) केसमध्ये ऑक्सिजन सॅच्युरेशन घेता ना? समजा एओर्टा ९८, मिक्स्ड व्हीनस ७०, पल्मोनरी व्हेन ९८, पल्मोनरी आर्टरी ८४. वर ९८ वजा ७०, खाली ९८ वजा ८४. २८ भागिले १४, म्हणजे शंट २ ला १, फुफ्फुसांकडे शरीराच्या दुप्पट रक्त. सँपल तुम्ही काढता, आकडा मात्र कॉम्प्युटर देतो, म्हणून सवय नसते. रोजच्या केसेस वहीत हाताने करून बघा.

उत्तर २ (ठाण्याहून, सिस्टर इनचार्ज)

अगं, परीक्षेचं नंतर बघ, आधी पत्र दुरुस्त करून घे. फॉर्मबरोबर कॅथलॅबमधल्या पूर्णवेळ कामाचा दाखला लागणारच. एचआरला विनंती करत बसू नकोस, त्यांना कॅथलॅब कुठल्या मजल्यावर आहे तेही ठाऊक नसतं. मजकूर स्वतः टाइप कर, कार्डिऑलॉजीच्या हेडची सही घे आणि मगच एचआरकडे शिक्क्याला दे.

पुरावा मागितला तर तुझ्या टीएलडी बॅजचे (अंगावर किती एक्स-रे पडले ते मोजणारा) तिमाही रिपोर्ट रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे (आरएसओ) फाइलला असतात. तुझं नाव, तिमाही, सगळं छापील. वॉर्डातल्या नर्सला कुणी टीएलडी देत नाही.

धागाकर्ती

ताई, हे सुचलंच नव्हतं! आज दुपारीच आरएसओ सरांकडे गेले. ६ वर्षांचे २४ रिपोर्ट, दोन सोडून सगळे सापडले. प्रत्येकात नाव आहे.

फक्त डोसच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी शून्य. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "सिस्टर, एवढ्या केसेस केल्या आणि शून्य?" आता काय सांगणार, बॅज चेंजिंग रूमच्या खिळ्याला आणि मी आत अॅप्रन घालून. उद्यापासून लावणार आहे, आधी तो शोधते.

पत्राचा मसुदा रात्री टाइप करून इथेच टाकते, जरा नजर घालाल का?