५५ वर्षांचा बॅटमॅन : तुम्हाला तो कसा भेटला?

फ्रँक मिलरचं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ वाचलेले लोक भेटतात आणि बोलायला लागले की थांबत नाहीत. ते सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा. १९८६ साली डीसी या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनाने चार भागांत काढलेली ही चित्रकथा. ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, ५५ वर्षांचा आहे, मुखवटा उतरवून दहा वर्षं झालीत. त्याचं शहर गॉथम उकाड्याने हैराण, म्यूटंट टोळीचा धुमाकूळ चाललाय आणि पोलीस आयुक्त गॉर्डन निवृत्तीच्या उंबरठ्यावर. काय भिडलं, काय खटकलं, मोकळेपणाने लिहा. शेवट फुटला तरी चालेल.

माझ्यापुरतं सांगतो. लहानग्या ब्रूससमोर आईवडिलांचा खून होतो आणि आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ तुटते, ते पान. मिलर पानाच्या सोळा छोट्या चौकटी करतो आणि एकेक मोती वेगळा पडताना दाखवतो. चार दशकं उलटली तरी ब्रूससाठी ती रात्र अजून चालूच आहे, हे सांगायला त्याला एकही वाक्य लागत नाही. मला तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागलं.

उत्तररात्र
मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझं लक्ष सारखं त्याच्या शरीराकडे जात होतं. इतर कॉमिक्समध्ये मार खाल्लेला नायक पुढच्या पानावर ताजातवाना असतो. इथे दुखणं साठत जातं. म्यूटंटांच्या म्होरक्याशी पहिली झुंज तो तरुणपणीच्या रगीत खेळतो. समोरचा पोरगा ताकदीने जास्त, वेगाने जास्त; बॅटमॅनचा चक्काचूर होतो आणि केरी ही त्याची नवी, लहानगी साथीदार मध्ये पडते म्हणून जीव वाचतो. दुसऱ्या झुंजीला तो त्याच पोराला चिखलात उतरवतो. चिखलात पाय रुततात, वेग संपतो, मग कुठे मारायचं हे ज्याला माहीत आहे तो जिंकतो. साठीकडे झुकलेल्या पेशंटला मी हेच शिकवते: गेलेली ताकद परत मागू नका, हालचाल बदला. मिलर तेव्हा जेमतेम २९ वर्षांचा होता. इतक्या लहान वयात त्याला हे कसं कळलं असेल, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वेताळटेकडी
आमची पिढी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढली. वेताळ, म्हणजे फँटम, आम्हाला मराठीतून भेटला. त्याला म्हातारपण नव्हतं, कारण बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवायचा आणि जंगलाला वाटायचं, हा अमर आहे. ब्रूसला ती सोय नाही. त्याचा आधीचा साथीदार, म्हणजे रॉबिन झालेला जेसन टॉड, त्याचा पोशाख गुहेत काचेच्या पेटीत उभा आहे, म्हणजे वारसा द्यायला गेला तिथे पोरगं गेलं. म्हणून म्हाताऱ्यालाच पुन्हा उठावं लागतं. मी हे पुस्तक निवृत्तीनंतर वाचलं, मुलाने आणून दिलं. गॉर्डनचा शेवटचा आठवडा मला ब्रूसपेक्षा जास्त लागला. आयुष्यभर सांभाळलेली खुर्ची एलन यिंडेलला द्यायची, आणि ती खुर्चीवर बसताच आपल्या मित्राच्या अटकेचा हुकूम काढणार हे माहीत असायचं!

शाईदौत
मी चित्रं काढते. सगळे मिलरचं नाव घेतात. माझी विनंती, लिन व्हार्लीचे रंग बघा. गॉथमवर सतत मळकट, आजारी उजेड आहे. अणुबॉम्बचा स्फोट झेलून सुपरमॅन सुकलेल्या सांगाड्यासारखा होतो आणि झाडाझुडपांतला सूर्यप्रकाश शोषून जगतो, ती पानं मी कितीदा तरी समोर ठेवून अभ्यासली. क्लाउस जॅन्सनची शाई सुरुवातीला खरखरीत वाटते. वाटू द्या, सवय झाली की गुळगुळीत रेषा नको होतात.

जिन्याखाली
मला खटकलं तेही लिहितो. टोळी मोडल्यावर त्यातलीच काही पोरं ‘सन्स ऑफ द बॅटमॅन’ म्हणवून घेतात आणि क्षुल्लक गुन्ह्यांसाठी माणसं फोडतात. मिलर त्यांचा क्रूरपणा लपवत नाही, पण शेवटी बॅटमॅन त्यांनाच हाताशी धरून शहर सावरतो. एका दणकट म्हाताऱ्याने घोड्यावर बसून हाक दिली की झुंड शहाणी होते, यावर माझा विश्वास नाही. वीज गेलेल्या रात्री गॉर्डन शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून आग विझवायला लावतो, ते मात्र मनापासून पटतं. मला त्याच माणसांची गोष्ट आणखी हवी होती.

धागाकर्ता
@जिन्याखाली, हा आक्षेप रास्त आहे. पानोपानी टीव्हीवर चर्चा करणारी माणसं येतात आणि बॅटमॅन गुंड की तारणहार यावर भांडत राहतात, तिथे मिलरने तुमच्यासाठीही जागा ठेवली आहे असं मला वाटतं. शेवटाकडे मात्र त्याचा कल उघड दिसतो, हे मान्य.

चिमणदांडा
केरी केली! तेरा वर्षांची. तिला कोणी निवडलं नाही. रॉबिनचा पोशाख तिने स्वतःच्या पैशांनी घेतला, गलोल उचलली आणि निघाली. शाळेत असताना दादरच्या लायब्ररीतून आणून वाचलं होतं. मोडलेल्या हाताला ती झोळी बांधते तेव्हा तो म्हातारा निमूट बांधून घेतो, ते मला फार आवडलं.

रात्रपाळी
ज्यांना हे भावलं त्यांनी मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हनचं ‘ओल्ड मॅन लोगन’ (२००८) घ्यावं. तिथे खलनायकांनी अमेरिका वाटून घेतली आहे आणि व्हुल्व्हरीन, म्हणजेच लोगन, बायकोमुलांसह शेती करतो, हल्कच्या टोळीला भाडं भरतो, ५० वर्षं त्याने पंजे बाहेर काढलेले नाहीत. ब्रूसला परतायची ओढ आहे, लोगनला परतण्याची धास्ती. का, ते सांगत नाही. मिस्टेरिओ या खलनायकाचं पान वाचून झालं की इथे या, त्यावर मला खूप बोलायचं आहे.