ओरॅकल डेटाबेस क्लाउडवर नेताना आरडीएस घ्यावे की ईसी२?

प्रश्न: आमच्या कंपनीचा ४ टेराबाइटचा ओरॅकल एंटरप्राइज एडिशन डेटाबेस दोन नोडच्या आरएसीवर (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर एकत्र चालवणारी ओरॅकलची व्यवस्था) चालतो आणि तो एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये हलवायचा आहे. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) मी एकटाच असल्याने आरडीएस (एडब्ल्यूएसच सांभाळते ती डेटाबेस सेवा) घ्यावे की ईसी२वर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) स्वतः सांभाळावे?

उत्तर १: आपण एकटे असाल, तर आरडीएसच घ्यावे, कारण बॅकअप, पॅचिंग आणि दुसऱ्या झोनमधील (त्याच रीजनमधील वेगळ्या डेटासेंटरमधील) स्टँडबाय म्हणजे राखीव प्रत ही कामे सेवाच पाहते. मात्र तेथे आरएसी चालत नाही, सिसडीबीए (डेटाबेसवरील सर्वोच्च) अधिकार मिळत नाही आणि फेलओव्हरला, म्हणजे बिघाड झाल्यावर स्टँडबायवर जायला, साधारण एक-दोन मिनिटे लागतात.

उत्तर २: लायसन्सचा हिशेब आधी करावा, ही कळकळीची विनंती. एंटरप्राइज एडिशनचे लायसन्स आरडीएसवरही स्वतःचेच न्यावे लागते, आणि ओरॅकलच्या धोरणानुसार हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणे) चालू असताना २ व्हीसीपीयूंना (व्हर्च्युअल प्रोसेसरना) १ प्रोसेसर लायसन्स लागते. आपल्या इंटेल सर्व्हरवर मिळणारा ०.५चा कोअर फॅक्टर (लायसन्स मोजताना कोअरच्या संख्येला गुणायचा आकडा) येथे धरला जात नाही, त्यामुळे तितक्याच कोअरना दुप्पट लायसन्स लागतात.

प्रश्नकर्ता: दोन मिनिटांचा खंड आम्हाला चालेल. कोअरची खरी गरज एडब्ल्यूआर अहवालांवरून (डेटाबेसवरील भाराच्या ओरॅकलच्या नोंदींवरून) काढतो.