एमबीएसाठी १२ लाखांचं शैक्षणिक कर्ज: तारण काय द्यावं, सहकर्जदार कोण?

वारजेकर_ताई
धाकट्या भावाचं एमबीए यंदा सुरू होईल. दोन पर्याय आहेत. एक पुण्यातलं अभिमत विद्यापीठ. जागा प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून मिळाली आहे, वसतिगृह धरून दोन वर्षांचे १४ लाख. दुसरा सीईटीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतलं खासगी कॉलेज, फी निम्म्याहून कमी. पहिलं घेतलं तर १२ लाखांचं कर्ज लागेल. बाबांची खासगी नोकरी, कुटुंबाचं उत्पन्न ७ लाख २० हजार, निवृत्तीला ४ वर्षं. वारज्याच्या फ्लॅटवर गृहकर्ज चालू आहे. काकांचा धायरीला गुंठेवारीतला (जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेला) प्लॉट आहे, ते तारण द्यायला तयार आहेत. बाबांच्या सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात) एका जुन्या क्रेडिट कार्डापुढे ‘सेटल्ड’ दिसतं. त्यांच्याऐवजी मीच सहकर्जदार झाले तर? माझी नोकरी गेल्याच वर्षी लागली आहे.

खतावणी
काकांना धन्यवाद द्या आणि प्लॉट बाजूला ठेवा. गुंठेवारी नियमित झालेली नसेल तर बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च रिपोर्टमध्येच (मालकीच्या तपासणीत) अडवेल. सातबाऱ्यावर ती शेतजमीन असेल तर सरफेसी कायदा तिला लागू होत नाही, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला ती त्या कायद्याखाली विकता येत नाही. मग बँक ती जमीन तारण म्हणून घेईल कशाला?

फ्लॅट चालू शकतो, पण गृहकर्ज ज्या बँकेचं आहे तिथेच. मूळ करारनामा आणि इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) त्यांच्याच तिजोरीत असतात. आजचं मूल्यांकन वजा शिल्लक गृहकर्ज, त्यात १२ लाख बसत असतील तर त्याच तारणावर बोजा वाढवता येतो. सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट आणि मालमत्ता कराची पावती आधीच काढून ठेवा. सोसायटीच्या सेक्रेटरींना वेळ असेल तेव्हाच एनओसी मिळते, हे वेगळं सांगायला नको.

मात्र तारण लागतंच का, हे आधी बघा. बँक संघटनेच्या नमुना योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. पण २०२४च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत संस्था असेल तर कर्ज विनातारण, विनाजामीन मिळतं. यादी एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीवरून ठरते आणि तीत खासगी संस्थाही आहेत. मॅनेजमेंट कोट्याची जागा मात्र बाद. सरकारची ७५ टक्के पतहमी साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जालाच असल्यामुळे १२ लाखांच्या अर्जात शाखा सहकर्जदाराची कुवत बारकाईने तपासेल.

‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून खातं मिटवलं. कर्ज अधिकाऱ्याला ते थकबाकीच्या सख्ख्या भावासारखंच दिसतं. सोडलेली रक्कम भरा, ‘नो ड्यूज’ पत्र घ्या आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घ्या. तक्रार केल्यापासून दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून हे अर्जाच्या आधी करा.

हिशेबी_सदाशिव
हप्त्याचं गणित मांडतो. व्याज १० टक्के धरू, खरा दर मंजुरीपत्रात बघा. दर सहामाहीला ३ लाख असं चार वेळा वितरण, सवलतीचा (हप्ते सुरू होण्याआधीचा) काळ अभ्यासक्रम अधिक १ वर्ष, म्हणजे ३ वर्षं. या काळात साधं व्याज लागतं: पहिले सहा महिने दरमहा २,५००, मग ५,०००, मग ७,५०० आणि शेवटचे १८ महिने १०,०००. एकूण २ लाख ७० हजार.

हे भरलं नाही तर मुद्दलात मिसळून १४ लाख ७० हजार होतात आणि १० वर्षांसाठी हप्ता सुमारे १९,४२५ बसतो. वेळच्या वेळी भरलं तर १२ लाखांवर १५,८६०. फरक महिन्याला साडेतीन हजारांवर, १० वर्षांत सव्वाचार लाखांहून जास्त. व्याज चालू ठेवणाऱ्याला काही सरकारी बँका दरात सूटही देतात.

आता सहकर्जदार. वडील ४ वर्षांनी निवृत्त होणार आणि हप्ता ३ वर्षांनी सुरू होणार, त्यामुळे बँक दुसरं, तरुण नाव मागेलच. तुम्ही वडिलांसोबत या, ऐवजी नको. एका वर्षाच्या नोकरीवर १२ लाखांचा भार एकटीला पेलणं अवघड, आणि बँका सहसा दोन वर्षांचं आयकर रिटर्न मागतात. शिवाय कर. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरातली वजावट स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा अपत्याच्या शिक्षणासाठी आहे. भावासाठी तुम्ही भरलेल्या व्याजावर तुम्हाला काहीही मिळणार नाही. वडिलांना मिळेल, पण जुन्या करप्रणालीतच. आणि व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून फक्त ८ वर्षं.

सेतू_केंद्र
७ लाख २० हजार म्हणजे ८ लाखांच्या आत, त्यामुळे दोन्ही पर्यायांत काहीतरी मिळतं, फक्त वेगवेगळं.

कॅपमधून जागा घेतली तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती: मुलाला शिक्षण शुल्काच्या ५० टक्के. राखीव प्रवर्ग असेल तर त्याची वेगळी योजना बघा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं हवं. संस्थास्तरावरची (कॅपबाहेर कॉलेजने स्वतः भरलेली) जागा असेल तर मिळत नाही. अभिमत विद्यापीठालाही नाही, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो.

अभिमत घेतलं आणि ते यादीत असेल तर पीएम-विद्यालक्ष्मीत सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार भरतं, १० लाखांपर्यंतच्या रकमेवर. लाभ वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच, त्यामुळे हिशेब त्यावर टांगू नका. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर ही सवलत नाही. दोन्ही अर्ज भरून बघू, असं करू नका.

वारजेकर_ताई
सर्वांचे आभार. प्लॉट रद्द, बाबा आणि मी दोघं सहकर्जदार. पहिली फी मंजुरीआधीच भरावी लागणार आहे. ती नंतर कर्जातून परत मिळते का?

खतावणी
मिळू शकते, पण अर्जाच्या वेळीच लेखी विचारा. काही शाखा ती रक्कम तुमचा स्वतःचा वाटा धरून मोकळ्या होतात. पैसे भावाच्या किंवा बाबांच्या खात्यातून ऑनलाइन भरा आणि संस्थेच्या शिक्क्याची पावती घ्या. फीचे पुढचे हप्ते बँक थेट संस्थेला पाठवते, आणि दर वेळी डिमांड लेटर (संस्थेचं फी मागणीपत्र) व मागच्या सहामाहीची गुणपत्रिका मागते. निकाल उशिरा लागला की वितरण अडकतं आणि विलंबशुल्क तुमच्या माथी, म्हणून फीच्या तारखेआधी १५ दिवस शाखेत जा. वसतिगृहाऐवजी बाहेर खोली घेणार असाल तर तो खर्च किती धरतील हेही आत्ताच ठरवून घ्या.

आणि कर्जविमा. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवतात, म्हणजे त्यावरही व्याज. बाबांचा टर्म विमा आधीच असेल तर त्याची प्रत पुढे करा.