घरातील एक माणूस कामासाठी बाहेर गेला की मागे राहिलेल्यांचे काम वाढते की कमी होते?

प्रश्न

विकसनशील देशांतील स्थलांतर आणि कुटुंबाचे श्रम या विषयावर वाचन करताना मी एका गुंत्यात सापडले आहे. घरातील कमावता माणूस परगावी किंवा परदेशी गेला की राबणारे दोन हात कमी होतात, म्हणून मागे राहिलेल्यांवरचा भार वाढायला हवा. पण तोच माणूस पैसे पाठवू लागला की मुलांना कामाला लावण्याची निकड कमी व्हायला हवी. त्यातच अनेकदा तो घर सोडतो ते पीक बुडाल्यामुळे, आजारपणामुळे किंवा कर्ज डोईजड झाल्यामुळे. मग मागच्यांच्या कामात दिसणारा बदल स्थलांतराचा मानायचा की त्या संकटाचा?

पहिला प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. माणूस बाहेर असलेल्या आणि नसलेल्या कुटुंबांची नुसती तुलना केली, तर ती कुटुंबे मुळातच वेगळी असल्यामुळे निष्कर्ष फसवा निघतो. यातून वाट काढणारा, फिलिपिन्समधील कुटुंबांवरचा एक अभ्यास अर्थतज्ज्ञ डीन यँग यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केला. 1997 च्या आशियाई आर्थिक संकटात निरनिराळ्या देशांच्या चलनांचा फिलिपिनी पेसोशी असलेला विनिमय दर कमीअधिक प्रमाणात बदलला. त्यामुळे कोणाचा माणूस कोणत्या देशात होता, एवढ्यावरच घरी येणाऱ्या पैशाची किंमत ठरली, आणि त्यात कुटुंबाचा स्वतःचा काही हात नव्हता. विनिमय दर 10 टक्क्यांनी अनुकूल झाला, म्हणजे परदेशी चलनाचे तेवढे जास्त पेसो मिळू लागले, की घरी येणारी रक्कम सुमारे 6 टक्क्यांनी वाढे. अशा घरांत बालमजुरी घटली, मुलांचे शिक्षण वाढले आणि स्वयंरोजगारात दिलेले तास वाढले. मात्र या सर्वच घरांतील माणूस आधीच गेलेला होता. म्हणजे येथे पैशाचा परिणाम मोजला गेला, माणसाच्या अनुपस्थितीचा नव्हे.

दुसरा प्रतिसाद

अनुपस्थितीचा परिणाम स्त्रियांच्या कामात शोधावा लागतो आणि तेथे मोजमापच आडवे येते, याकडे मी कळकळीने लक्ष वेधू इच्छिते. नेपाळवरील एका अभ्यासात पुरुषांच्या स्थलांतरामुळे स्त्रियांचा बाजारातील रोजगारात सहभाग कमी झालेला आढळला, तर चीनमध्ये मागे राहिलेल्या स्त्रियांचे शेतीतील काम वाढलेले दिसले. वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटते; परंतु मजुरी सोडून घरच्या शेतात राबू लागलेली स्त्री दोन्ही वर्णनांत बसू शकते. श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोजगाराची व्याख्या मोबदला किंवा नफ्यासाठी केलेल्या कामापुरती मर्यादित केली आणि स्वतःच्या घरासाठी केलेले उत्पादन हा कामाचा वेगळा प्रकार ठरवला. त्यामुळे केवळ रोजगाराचा रकाना पाहणाऱ्या संशोधकाला, घरी खाण्यासाठी पहाटेपासून शेत कसणारी स्त्री काम सोडून बसल्यासारखी दिसते. आपण आकडे हाताळणार असाल, तर कामाचे तास प्रकारवार घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरा प्रतिसाद

संकटांविषयी थोडे. टांझानियातील कागेरा भागातील कुटुंबांच्या 1990 च्या दशकातील पाहणीत पीक हातचे गेल्यावर मुलांचे काम वाढलेले दिसले, पण मालमत्ता बाळगून असलेल्या घरांत हा परिणाम सौम्य होता. दक्षिण आफ्रिकेचा दाखला मला याहून बोलका वाटतो. तेथे वृद्धांना निवृत्तिवेतन कोणत्या वयापासून मिळणार हे कुटुंबाला आधीच ठाऊक असे. तरीही मुलांचे काम कमी झाले आणि शाळेत जाणे वाढले ते पैसा प्रत्यक्ष मिळू लागल्यावरच. उद्याच्या निश्चित उत्पन्नावर आज उसने मिळत नसेल, तर मधली तूट घरातील सर्वांत लहान माणसाच्या श्रमाने भरली जाते. स्थलांतरातही अशीच एक तूट असते. माणूस निघतो त्या दिवशी हात कमी होतात. पैसा मात्र काम मिळाल्यावर येतो, आणि प्रवासासाठी कर्ज काढले असेल तर पहिल्या रकमा ते फेडण्यातच जातात. पाहणी या काळात झाली की वर्षभरानंतर, यावर उत्तर बरेचसे बदलते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या प्रश्नावलीत माणूस बाहेर गेला आहे का, एवढाच प्रश्न होता. आता संकट आले तो महिना, माणूस निघाला तो महिना आणि घरखर्चाला पहिली रक्कम उरली तो महिना असे तिन्ही वेगळे विचारीन. त्या प्रत्येक टप्प्यावर शेत, गुरे, पाणी आणि धाकट्या भावंडांची देखभाल कोणाकडे होती, हेही नोंदवीन.