बन्नीच्या उपग्रहचित्रांतला हिरवा रंग गवताचा की वेड्या बाभळीचा?

प्रश्न
कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशातील जमीनवापराच्या बदलांवर मी प्रबंध लिहीत आहे. लॅण्डसॅट उपग्रहाची १९९० च्या सुमाराची आणि अलीकडची, अशी ऑक्टोबरमधील दोन चित्रे ताडून पाहिली, तेव्हा हिरवळीचा निर्देशांक बराच वाढलेला दिसला. मालधारी, म्हणजे तेथील पशुपालक, मात्र चराई आटली असेच सांगतात. खरे काय मानावे?

उत्तर १
दोन्ही खरे आहे. निर्देशांक पानांचा हिरवेपणा मोजतो. ते पान गुरांच्या तोंडी लागेल की नाही, हे त्याला कळत नाही. रणाची खार पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात वनखात्याने येथे सुमारे ३१,५०० हेक्टरवर जी परदेशी बाभूळ लावली, तीच आज कच्छमध्ये ‘गांडो बावळ’ आणि आपल्याकडे ‘वेडी बाभूळ’ म्हणून ओळखली जाते. गुरे तिच्या गोड शेंगा खातात आणि पावसाळ्यात त्यांच्या वाळलेल्या शेणातून रोपे वर येतात. तुम्ही मे महिन्याची चित्रे घ्या, कारण तेव्हा गवत वाळलेले असते, पण खोल मुळांची बाभूळ हिरवीच राहते.

उत्तर २
उपाय योग्य आहे, परंतु दोनच चित्रांवर विसंबू नका. येथील पाऊस इतका लहरी आहे की एका चांगल्या वर्षाची हिरवळ सहज कायमचा बदल वाटू शकते. शिवाय लॅण्डसॅट चित्रातील तीस मीटरच्या एकेका चौकोनात बाभूळ, गवत आणि खारट जमिनीतील लाण्याची झुडपे एकत्र मिसळतात. दक्षिणेकडून बन्नीत उतरणाऱ्या नद्यांवर रुद्रमातासारखी धरणे झाल्याने गोडे पाणी घटले, हाही मुद्दा प्रबंधात यावा.

उत्तर ३
नकाशावर त्या हिरव्या भागाला ‘वन’ म्हणू नका, ही विनंती. १९५५ मध्ये बन्नी संरक्षित वन म्हणून घोषित झाली, तेव्हापासून कागद आणि जमीन यांचा मेळ नाही. २००४ मध्ये कोळशासाठी तोडीला मुभा मिळाली आणि २००८ मध्ये ती पुन्हा बंद झाली. त्यामुळे मधल्या वर्षांत बाभूळ घटलेली दिसल्यास ते गवताचे पुनरागमन समजू नये, कारण वरवर तोडलेल्या खुंटातून एकाऐवजी चार फांद्या फुटतात. ती मुळासकटच उपटावी लागते. याच शेंगा कांकरेज गाईंना बाधतात, म्हशींना तुलनेने कमी. त्यामुळे कळपांत म्हशी वाढल्या. हा बदल उपग्रहातून दिसणार नाही, त्यासाठी मालधाऱ्यांच्या वांढीतच (वस्तीतच) जाऊन बसावे लागेल.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मे महिन्याची चित्रे उतरवून घेत आहे, आणि ‘वन’ हा वर्ग खोडून ‘वेडी बाभूळ’ असा केला आहे.