पीसीबीवाली (भौतिक, रसायन, जीव) आहे, मेंदू आणि मन दोन्ही शिकायचं आहे, वाट सांगा

दादा-ताईंनो, मी आर्णीकडच्या खेड्यातली, यंदा बारावीला. गणित अकरावीतच सोडलं. घरी एकच धोशा, नीट. नंबर नाही लागला तर बी.एससी. ॲग्री.

मला काऊन वेगळं करायचं ते सांगते. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी माणसं दगावली. शेजारचे काका त्यातून वाचले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ थांबेना. पुढे वाचताना कळलं की ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक ॲसिटिलकोलीन (नसांचा निरोप पोचवणारं रसायन) तोडणारं एन्झाइम बंद पाडतं, मग नसांचे संदेश थांबतच नाहीत. ॲट्रोपिन हे औषध त्यावरच देतात. इथवर जीवशास्त्र झालं.

पण काका आजही रात्री दचकून उठतात, फवारणीचा पंप दिसला की चिडतात. हे विषाचं, भीतीचं, की डोक्यावरच्या कर्जाचं? सर म्हणतात मज्जासंस्था, आजी म्हणते मनात भेव बसलं. दोघांचंही थोडं थोडं पटते, अन् तेच शिकायचं आहे.

आयसरला (केंद्र सरकारची विज्ञान शिकवणारी संस्था) गणिताशिवाय घेतात का? की सरळ बी.ए. मानसशास्त्र करू? मग न्यूरोसायन्सचं (मेंदूच्या विज्ञानाचं) दार बंद होतं का? बाहेरगावी ठेवायला घरची ऐपत बेताची आहे, तेही धरून सांगा.

प्रतिसाद:
ताई, आयसरला बारावीत भौतिक, रसायन, जीव, गणित यातले तीन विषय असले तरी चालतात. पण त्यांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे 15-15 प्रश्न असतात, म्हणजे अकरावी-बारावीचं गणित काढावंच लागेल. पुण्याच्या आयसरला बीएस-एमएस (पदवी अन् पदव्युत्तर एकत्र) पाच वर्षांचं आहे, सुरुवातीला सगळीच विज्ञानं शिकवतात. बी.ए. केलंस तरी दार बंद होत नाही. आयआयटी गांधीनगर कॉग्निटिव्ह सायन्सच्या (मन अन् मेंदू कसे चालतात त्याचा अभ्यास) एम.एस्सी.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर घेतं. फक्त नुसत्या बी.ए.त पेशी, रसायन सुटतं, ते स्वतः धरून ठेव. एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन) कोर्स फुकट आहेत, तालुक्याला गेलीस की व्हिडिओ उतरवून आण. शिष्यवृत्तीसाठी जातीचा अन् उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढ, ऐन वेळी सेतू केंद्रात रांग लागते.

अन् नीटचा फॉर्म भरच. घरचे शांत राहतील, तीन विषयांचा अभ्यास तसाही तोच आहे.