गल्लीत सायकल कडेने चालवायची की मधून?

चेनगार्ड

आमच्या भागातल्या गल्ल्यांमधून मी कडेने सायकल चालवणं बंद केलंय. मधून चालवते. यावरून घरात दोनदा आणि रस्त्यावर सात-आठ वेळा भांडण झालं, म्हणून आता इथे, या फोरमवर. शिव्या द्यायच्या तर द्या, पण आधी वाचा.

पुण्यात कर्वेनगर ते डेक्कन, जाऊन-येऊन रोजचे दहा-अकरा किलोमीटर. कर्वे रस्ता तुंबला की लोक आतल्या गल्ल्यांत घुसतात. मेट्रोचं काम चाललं होतं तेव्हा ही सवय लागली. २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रो धावायलाही लागली, सवय काही गेली नाही. उलट आता मोबाइलमधला नकाशाच 'तीन मिनिटं वाचतील' असं सांगून गाड्या आत पाठवतो. जिथे भाजीची हातगाडी मधोमध उभी करून निवांत कोथिंबिरीची घासाघीस चालायची, तिथे आता सकाळी साडेनऊला हायवे असतो.

गेल्या मंगळवारची गोष्ट. मागून एक पांढरी उंच गाडी. आधी छोटा हॉर्न, मग लांबलचक, मग भर दिवसा डिपर. मी जुन्या सवयीने डावीकडे सरकले आणि नेमकं तेव्हाच पुढे उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडलं. ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, हँडल दाराच्या कडेवर आपटलं आणि मी खाली. कोपर सोलला, बाकी काही नाही. पांढऱ्या गाडीवाल्याने वीतभर अंतरावरून कट मारला आणि गेला. कुठे? पुढच्या सिग्नलला. मी पोचले तेव्हा तो तिथेच उभा होता. काच खाली करून म्हणाला, "मॅडम, सायकल खेळायचीय तर बागेत खेळा."

रात्री टेप घेऊन गल्ली मोजली. नवरा टॉर्च धरून उभा होता, त्याला बिचाऱ्याला वाटलं डोक्यावर पडले. रुंदी नऊ मीटर. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, त्या फटीसकट दोन-दोन मीटर खातात. उरले पाच. उभ्या गाडीचं दार उघडलं की मीटरभर जागा जाते. माझं हँडल साठ सेंटिमीटर. मागून येणारी गाडी आरशांसकट दोन मीटर. म्हणजे माझ्या आणि तिच्यामध्ये उरतात एक मीटर चाळीस, तेही तिने पलीकडच्या गाड्यांना आरसा घासत नेलं आणि समोरून कोणीही आलं नाही तर. समोरून एक स्कूटर आली की हिशोब संपला. त्या गल्लीत मला ओव्हरटेक करायला जागाच नाही. मी कडेने गेले की ती आहे असं फक्त वाटतं, आणि ते वाटणं माझ्या कोपरावर निघतं.

आता वेळेचं. गल्ली तीनशे मीटर. मी ताशी पंधराने जाते, बहात्तर सेकंद. गाडी ताशी तीसने गेली तर छत्तीस. म्हणजे मी एका माणसाची छत्तीस सेकंदं खाते, आणि पुढचा सिग्नल नव्वद सेकंदांचा आहे.

बोला.

चौथा_गिअर

टेपने रस्ता मोजणारी सायकलवाली पहिल्यांदाच पाहिली, त्याबद्दल मनापासून दाद. पण मधून चालवणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे.

मी त्याच भागातला. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतो. परत येताना ती मागच्या सीटवर आडवी असते, तिला मळमळत असतं, आणि पुढे एक सायकल मधोमध डुलत चाललेली असते. तुमचा छत्तीस सेकंदांचा हिशोब एका सायकलचा आहे. माझ्यापुढे तुम्ही, तुमच्यानंतर पाण्याचे जार घेऊन टेम्पो, मग शाळेची व्हॅन, मग उलट्या दिशेने येणारा जेवणाची डिलिव्हरी देणारा. मला प्रत्येकाच्या मागे छत्तीस-छत्तीस सेकंद मोजायची असतात. त्या टेपमध्ये हे बसत नाही.

आणि सायकलवाल्यांचं वागणं? हात दाखवणार नाहीत, वळताना मागे बघणार नाहीत, कानात बोंडं. शेवटचा मुद्दा, आवडणार नाही तरी लिहितो: रोड टॅक्स आम्ही भरतो.

रविवारची_झोप

चौथा_गिअर +१. रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या खिडकीखालून घोळका जातो. चकचकीत कपडे, चौघे शेजारी-शेजारी, मोठ्याने गप्पा. ह्यांना मागून हॉर्न दिला की जणू कुणी देवघरात चप्पल घालून आलं.

खडूस_काका

चौथा_गिअर, टॅक्सचं तेवढं बोलू नका. माझ्या वडिलांच्या सायकलला पितळी बिल्ला होता. सायकलवर नगरपालिका कर घ्यायची, पावतीबरोबर बिल्ला मिळायचा, तो पुढच्या बाजूला अडकवायचा. बिल्ला नसला की पकडायचे, रात्री दिवा नसला की पकडायचे, डबलसीट दिसले की चाकातली हवा सोडायचे. तेव्हा पुणं सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं आणि रस्त्याचा कर सायकलवालाही भरायचा. त्यामुळे 'आम्हीच भरतो' हा इतिहास नवा आहे.

दुसरं, वाहनकर राज्य सरकारकडे जातो. तुमच्या गल्लीचं डांबर महापालिका टाकते, तिच्या तिजोरीत मिळकतकर जातो, आणि तो चेनगार्डबाईही भरतातच. तिसरं, मी बांधकाम खात्यात नोकरी केली म्हणून सांगतो, आसावरचं, म्हणजे चाकांच्या अ‍ॅक्सलवरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. सायकलने रस्ता झिजला असं अजून कोणी दाखवलेलं नाही.

एवढं बोलून झाल्यावर, बाई, तुमचंही मला पटत नाही. पंचावन्न वर्षं सायकल चालवतोय. मागून कोणी अंगावर आला की मी दोन गाड्यांमधल्या फटीत थांबतो, हात करतो, 'जा बाबा' म्हणतो. तो जातो, मीही जातो. मधून चालवून मागच्याचं डोकं तापवायचं आणि मग त्याच तापलेल्या डोक्याच्या हातात आपला जीव द्यायचा, यात शहाणपण कुठलं?

चेनगार्ड

काका, फट असेल तर मीही थांबते. आमच्या गल्लीत दोन गाड्यांमध्ये सायकलचं चाकही शिरत नाही. आणि दर दोनशे पावलांवर थांबून हात करायचा, तर मी कामावर कधी पोचणार? गाडीवाल्याचे छत्तीस सेकंद मौल्यवान, माझी दहा मिनिटं फुकट?

चौथा_गिअर, आईंचं वाचून वाईट वाटलं. खरंच. त्या गाडीत आई आहे हे मला मागे बघून कळत नाही, हीच अडचण आहे. हॉर्न सगळ्यांचा एकाच सुरात वाजतो, डायलिसिसचाही आणि उशिरा उठलेल्याचाही.

थेम्सकाठी

पुण्यात वाढलो, गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये सायकलने कामावर जातो. इथल्या वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत जानेवारी २०२२ मध्ये बदल झाले. चेनगार्ड जे म्हणतायत ते त्यात जवळपास तसंच आहे. शांत रस्ते, संथ वाहतूक, चौकाजवळची किंवा अरुंद जागा, अशा ठिकाणी सायकलस्वाराने आपल्या लेनच्या मधोमध चालवावं. उभ्या गाड्यांपासून मीटरभर, दाराइतकं अंतर ठेवावं. ताशी तीस मैलांपर्यंत वेग असताना गाडीवाल्याने ओव्हरटेक करताना निदान दीड मीटर सोडावं. मागचा सुखाने जाऊ शकत असेल तर बाजूला होऊन जाऊ द्यावं, हेही आहे, म्हणजे खडूस काकाही बरोबर.

हे लिहिलंय म्हणून इथे सगळे सज्जन झाले असं समजू नका. मागच्याच महिन्यात एकाने व्हॅनमधून माझ्यावर बर्गरचा कागद फेकला. फरक एवढाच, की त्या वेळी चूक कोणाची यावर वाद नव्हता.

चौथा_गिअर

आलं का इंग्लंड. वाटच बघत होतो. तिथे गल्लीत गाय बसत नाही, मांडव पडत नाही, आणि उलट्या दिशेने येणाऱ्याला 'अहो, नो एंट्री आहे' म्हटल्यावर तो आपल्यालाच दम देत नाही. इथलं बोला.

फुकट_सल्ला

इथलं बोलतो. वाहन चालवण्यासंबंधीचे केंद्राचे २०१७ चे विनियम आहेत, १९८९ च्या जुन्या नियमांच्या जागी आले. त्यात चालकाने पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं, वृद्ध, अपंग यांची विशेष काळजी घ्यावी असं आहे. मीटरमध्ये अंतर मात्र दिलेलं नाही. विनाकारण हॉर्नला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ खाली पहिल्यांदा हजार रुपये दंड, पुन्हा केलं तर दोन हजार. धोकादायक पद्धतीने चालवणं, कलम १८४, त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणंही आलं.

आता सांगा, हॉर्नसाठी पावती फाडलेला एक तरी माणूस कोणी पाहिलाय का?

रविवारची_झोप

एवढंच आहे तर सायकल ट्रॅकवरून चालवा ना. पालिकेने बांधलेत की.

चेनगार्ड

सातारा रस्त्याच्या ट्रॅकवर एकदा जाऊन या. पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्येच खांब, मध्येच चहाची टपरी, उरलेल्या जागेत स्कूटर उभ्या. आणि गल्लीत ट्रॅक कुठे असतो? पालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षाच्या शेवटी भाड्याच्या रंगीत सायकली आल्या. काही दिवसांनी त्यातल्या कोणाची सीट गायब, कोणाचं चाक, आणि मग सगळ्याच गायब. आराखडा अजून कागदावर ठणठणीत आहे.

दोन_शिफ्ट

सगळं वाचलं. एक विचारू का ताई? तुमची सायकल कितीची? गिअरची असणार, हेल्मेट असणार, मागे लुकलुकणारा दिवा असणार. तुम्ही मधून चाललात तर गाडीवाला हॉर्न मारतो, फार तर बागेत जा म्हणतो. 'मॅडम' म्हणतो, लक्षात घ्या.

माझा बाप काळ्या सायकलवर वारज्याहून कोथरूडला यायचा, कॅरेजला डबा बांधून, बांधकामावर. त्याने मधून चालवली असती तर गाडीवाला काच खाली करून थांबला नसता, खाली उतरला असता. एकदा उतरलाही होता. बापाने सायकल सोडून दोन्ही हात जोडले, मी दहा वर्षांचा, कॅरेजवर बसलेलो. त्या दिवसानंतर तो गटाराच्या झाकणांवरून चालवायचा. लोखंडी जाळीत चाक अडकून दोनदा पडला.

'मी मधून चालवते' हे सगळ्यांना जमणारं नाही. एवढंच.

खडूस_काका

हे मात्र कोणी बोललं नव्हतं. मीसुद्धा.

चेनगार्ड

दोन_शिफ्ट, याला माझ्याकडे उत्तर नाही. सायकल अठ्ठावीस हजारांची आहे. दिवाही आहे. तुम्ही लिहिल्यावर मागचे सगळे प्रसंग आठवून पाहिले, प्रत्येक जण मला 'मॅडम' किंवा 'ओ ताई'च म्हणाला होता. मला ते उद्धट वाटलं होतं.

तरी एक म्हणते. मी कडेला गेल्याने तुमच्या वडिलांसारख्या माणसाला जागा मिळणार नाही. मी मधून गेले तर निदान त्या गाडीवाल्याला सायकलमागे थांबायची सवय लागेल. कदाचित. खात्री नाही.

चौथा_गिअर

सवय लागणार नाही, राग साठेल, आणि तो पुढच्या काळ्या सायकलवर निघेल. मी गाडी चालवतो, मला आतून माहीत आहे. हॉर्न मी पुढच्यासाठी वाजवत नाही खरं तर. सकाळपासून जे काही झालेलं असतं त्यासाठी वाजवतो. हे बायकोसमोर कबूल करणार नाही.

थेम्सकाठी

हे वाक्य जपून ठेवतोय.

चेनगार्ड

चार दिवसांनी लिहितेय. आमच्या सोसायटीचे वॉचमन मामा उत्तमनगरहून सायकलने येतात, काळ्या सायकलवर, बारा तासांची ड्यूटी, आठ ते आठ. आजवर कधी विचारलं नव्हतं, काल विचारलं. मामा, तुम्ही त्या गल्लीतून कडेने जाता की मधून?

म्हणाले, "ताई, मी सव्वासहालाच निघतो. तेव्हा रस्ता मोकळा असतो." सातच्या आत पोचतात आणि तासभर गेटवर बसून राहतात. पेपर आलेला नसतो, चहा मिळत नाही. मला वाटायचं मामांना लवकर यायची आवड आहे.

आणि रात्री? "रात्री त्या गल्लीत उतरतो अन् हातात धरून नेतो. हातात असली की कोणी हॉर्न मारत नाही."

चौथा_गिअर

मामांच्या सायकलला मागे लाल दिवा आहे का? पोराच्या जुन्या सायकलचा माझ्याकडे पडून आहे, चार्जिंगचा. गेटवर आणून देतो. तुमचं मधून चालवणं मला अजूनही पटलेलं नाही, हे वेगळं.

चेनगार्ड

त्यांच्याकडे आहे. माझाच परवा पार्किंगमधून कोणीतरी काढून नेला. तो मला द्या, म्हणजे मागून निदान दिसेन तुम्हाला.